मूठ किती उघडली, हे कुणी ठरवायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव गाळून):

सासरे ६६ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आधाराने घरातल्या घरात चालतात. समजतं सगळं, पण बोलताना शब्द सापडत नाहीत. उजव्या हाताची मूठ आवळलेली, कोपर छातीशी ओढलेलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाताच्या स्नायूंमध्ये बोटॉक्सची, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं दिली. पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासून फाइलमध्ये लिहिलं, ताठरपणाची ग्रेड ३ वरून १+. मार्चअखेर घरी येणाऱ्या फिजिओने मात्र ग्रेड ३ सांगितली. खर्च उचलणारे थोरले दीर म्हणतात, "तीनाचं दीड झालं म्हणजे निम्मा आजार गेला ना? मग बाबांना साधा पेला का धरता येत नाही?" नवऱ्याचं म्हणणं, पुढचा डोस घ्यायचाच तर पायालाही घेऊ, पाय लाकडासारखा झालाय. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद करा, तेल लावून मालिश करा. ताई विचारतात, "डॉक्टर खरे की फिजिओ? पुन्हा इंजेक्शन द्यायचं की नाही? दिवसभर बाबांजवळ मीच असते म्हणून सगळे मलाच विचारतात. मधे महिना-दोन महिने नखं कापणं सोपं गेलं होतं. मला एवढंच सांगता येईल."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीवर थांबले. "एवढंच सांगता येईल" असं तुम्ही लिहिलंत, पण तुमच्या घरात या इंजेक्शनबद्दल सर्वांत उपयोगाची नोंद तीच आहे. तिच्याकडे परत येईन. आधी डॉक्टर आणि फिजिओ यांच्यातला तंटा मिटवू, कारण माझ्या मते तंटा नाहीच.

तारखा पाहा. इंजेक्शन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. डॉक्टरांनी हात पाहिला पाच आठवड्यांनी, जानेवारीच्या मध्याला. फिजिओने पाहिला मार्चअखेर, म्हणजे साधारण पंधरा आठवड्यांनी. बोटॉक्सचा गुण काही दिवसांत दिसू लागतो, चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. एकाने भरती मोजली, दुसऱ्याने ओहोटी. दोघांनीही आपापल्या दिवशी जे हाताला लागलं तेच लिहिलं. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कुणावरचा विश्वास उडू देऊ नका. फक्त यापुढे ग्रेडच्या शेजारी तारीख आणि "इंजेक्शननंतर कितवा आठवडा" हे लिहायला सांगा. फाइलमध्ये या दोन गोष्टी नसतील तर आकडा वाचताच येत नाही.

तारखेइतकीच वेळही महत्त्वाची. सकाळी झोपून तपासलेला हात आणि संध्याकाळी दमल्यावर खुर्चीत बसून तपासलेला हात, दोन वेगळे हात असतात. थंडीत ताठरपणा वाढतो. लघवी तुंबलेली असताना, पोट साफ नसताना, कुठे दुखत असताना वाढतो. अनोळखी माणूस समोर आला तरी वाढतो. आणि हात चारदा हळूहळू ताणून पाचव्यांदा मोजला तर पहिल्यापेक्षा सैल लागतो. हे सगळं मोजमापात शिरतं.

आता थोरल्या दिरांचा प्रश्न. रागावून विचारला असेल, पण प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात दोन समजुती गुंतल्या आहेत आणि दोन्ही सोडवायला हव्यात.

पहिली, "तीनाचं दीड". तो दीड नाही. ग्रेडची ही मोजपट्टी ब्रायन अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांनी १९६४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराच्या) रुग्णांवर एका औषधाची चाचणी घेताना वापरली, शून्य ते चार अशा पाच पायऱ्यांची. १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ या फिजिओथेरपिस्टांनी एक आणि दोनच्या मधे आणखी एक पायरी घातली. तिचं नाव १+. तपासणारा सांधा साधारण एका सेकंदात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो आणि हाताला किती विरोध लागला ते ठरवतो. किंचित अडकून सुटलं तर १. अडकलं आणि त्यापुढच्या निम्म्याहून कमी अंतरात थोडा विरोध राहिला तर १+. बराच विरोध, तरी सांधा सहज हलतो, तर २. हलवणंच अवघड तर ३. जागचा हलतच नाही तर ४. म्हणजे हे आकडे नाहीत, आकड्यांचे कपडे घातलेले शब्द आहेत. मिसळीच्या हॉटेलात "कमी तिखट, मध्यम, झणझणीत" लिहिलेलं असतं, तसे. मध्यम म्हणजे झणझणीतच्या निम्मं, असा हिशोब आपण मांडत नाही. इथेही तो लागत नाही. ३ वरून १+ ही चांगली उतरण आहे, एवढंच त्यातून कळतं.

शिवाय तपासणाऱ्याचा हात हेच इथलं यंत्र. बोहॅनन-स्मिथ यांनी ३० रुग्णांची कोपरं तपासली तेव्हा दोघांचं मत शेकडा ८६.७ वेळा जुळलं. पण ते एकाच पद्धतीने तपासणारे दोघे होते, आणि सांधा कोपराचा होता. पुढच्या अभ्यासांत, विशेषतः पायाच्या स्नायूंबाबत, एवढं जुळलं नाही. म्हणून माझा आग्रह असतो की आधीची आणि नंतरची तपासणी शक्यतो एकाच माणसाने, त्याच वेळी, त्याच स्थितीत करावी.

दुसरी समजूत जास्त खोल आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात भेटते. ताठरपणा गेला की हात चालेल. ताई, हे तुम्हाला हळुवार पण स्पष्ट सांगायला हवं. पक्षाघातात मेंदूकडून स्नायूकडे जाणारा निरोप तुटतो किंवा क्षीण होतो. ती दुबळेपणाची बाजू. त्याच वेळी स्नायूवरचा मेंदूचा लगाम सुटतो, ताणला की तो उसळून आवळतो. ती ताठरपणाची बाजू. बोटॉक्स लगामाचं काम काही काळ करतं. तुटलेला निरोप ते जोडत नाही. पेला धरायचा तर आधी बोटं उघडावी लागतात, मग हवी तेवढीच आवळावी लागतात, मनगट स्थिर राहावं लागतं. त्यासाठी निरोप हवा.

मग काहींचा हात इंजेक्शननंतर खरंच चालू लागतो, तो कसा? ज्यांच्या बोटांत उघडण्याची थोडी शक्ती आधीच असते आणि आवळणाऱ्या स्नायूंपुढे ती हरत असते, त्यांना फायदा होतो. म्हणून फिजिओंना एक नेमकी गोष्ट विचारा. मनगटाला आधार दिल्यावर, गुण पूर्ण असलेल्या आठवड्यांत, बाबांना स्वतःहून एखादं बोट थोडंसं तरी उघडता आलं होतं का? उत्तर होय असेल तर पुढच्या डोसबरोबर हाताच्या सरावाचा जोरदार कार्यक्रम आखता येईल. नाही असेल तर दीड वर्षानंतर पेल्याचं वचन कुणी देऊ नये, आणि तुम्हीही थोरल्या दिरांना ते देऊ नका.

पण मग इंजेक्शन वाया गेलं का? इथे नखांकडे येऊ.

आवळलेल्या मुठीत काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हाला तर रोजच दिसतं. तळहातात घाम साचतो, आंबूस वास येतो, वाढलेली नखं कातडीत रुततात. अंगठा आत अडकून बसतो. मूठ उघडायला गेलं की माणूस कळवळतो, मग घरची माणसं उघडायचं टाळतात, मग ती आणखी घट्ट होते. ते चक्र महिना-दोन महिने थांबलं होतं, हे तुमच्या एका ओळीत आहे. फाइलमधल्या १+ पेक्षा मला ती ओळ जास्त सांगते, कारण बाबांच्या दिवसात काय बदललं ते तिच्यात आहे. वैद्यकातही हे मानलेलं आहे. २००२ मध्ये पक्षाघातानंतर मनगट-बोटं आखडलेल्या १२६ रुग्णांवर बोटॉक्सची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात अ‍ॅशवर्थच्या ग्रेडच्या जोडीला चार गोष्टी मोजल्या: हाताची स्वच्छता, कपडे घालणं, हात कसा राहतो, आणि वेदना. या चारांतली एक गोष्ट प्रत्येक रुग्णाचं मुख्य ध्येय म्हणून आधीच निवडायची होती. इंजेक्शन मिळालेल्यांचा ताठरपणा तर उतरलाच, निवडलेल्या गोष्टीतही त्यांना जास्त फरक पडला.

"आधीच" हा शब्द धरून ठेवा. डिसेंबरमध्ये सुई टोचण्यापूर्वी तुमच्या घरी कुणीच ठरवलं नव्हतं की हे कशासाठी चाललंय. डॉक्टरांच्या मनात तळहात असेल, दिरांच्या मनात पेला, सासूबाईंच्या मनात देवापुढे जोडलेले दोन हात. इंजेक्शन एकच, आणि प्रत्येकाने ते आपल्या मापाने मोजलं.

पुढच्या वेळी सुईआधी एक ध्येय कागदावर लिहा. त्यासाठी एक जुनी, साधी रीत आहे. किरेसुक आणि शेर्मन यांनी १९६८ मध्ये ती मानसिक आरोग्याच्या सेवांसाठी मांडली, आता पुनर्वसनात सर्रास वापरतात. अपेक्षित फळाला शून्य म्हणायचं. त्याहून थोडं जास्त मिळालं तर अधिक एक, बरंच जास्त मिळालं तर अधिक दोन. कमी पडलं तर उणे एक, उणे दोन. बाबांसाठी ते असं दिसेल. शून्य: सहाव्या आठवड्यात तुम्ही एकटीने, बाबा न कळवळता, तळहात धुऊन पुसू शकता. उणे एक: धुता येतो, पण दुसरं माणूस लागतं. उणे दोन: आज आहे तसंच. अधिक एक: बाबा डाव्या हाताने स्वतः उजवी मूठ उघडतात. अधिक दोन: स्वतःच धुऊन घेतात. सहा आठवड्यांनी हा कागद काढायचा आणि खूण करायची. थोरल्या दिरांना फोनवर सांगायलाही हे सोपं, आणि पैसे कशाला गेले हे त्यांना लख्ख कळेल.

आता घरी काय मोजाल? तपासणाऱ्यासारखा झटकन सांधा ओढून पाहू नका, ते काम शिकलेल्या हाताचं. तुम्ही एक वही करा. आठवड्यातून दोनदा, ठरावीक वारी, ठरावीक वेळी, आंघोळीच्या आधी, बाबा पाठीवर झोपलेले असताना. मूठ अशी उघडा: आधी मनगट हळूच तळहाताच्या बाजूला वाकवा. असं केलं की बोटं आवळणाऱ्या कंडरांचा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचा) ताण सैल पडतो. मग अंगठा टोकाशी न धरता मुळाशी, गादीपाशी धरून बाहेर आणा. त्यानंतर बोटं. घाई नको, एकेका टप्प्याला चार-पाच श्वास. मग पाहा, तळहात आणि बोटं यांच्यामधे तुमची किती बोटं आडवी मावतात. एक, दोन, तीन. तेवढं लिहा. उजवी बाही चढवायला किती मिनिटं लागली ते लिहा. उघडताना दुखलं का, हे बाबांनाच विचारा: चेहऱ्यांची चित्रं दाखवा किंवा डाव्या हाताने बोटं दाखवू द्या. रात्री आखडून जाग आली का, किती वेळा. महिन्यातून एकदा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून. पहिली नोंद सुईच्या आधीची हवीच. मग दुसरा, सहावा आणि बारावा आठवडा चुकवू नका. बाकी एखादी नोंद राहिली तर राहू द्या, तुमच्या मागे आधीच पुरेसं आहे.

एक गोष्ट डॉक्टरांकडे आवर्जून काढा. पंधराव्या आठवड्याचा तो ३ सगळाच ताठरपणा आहे, की सांधा जाम होत चाललाय? गाडीचा सीटबेल्ट हळू ओढला की येतो, हिसका दिला की अडकतो. ताठरपणा तसा असतो, वेगाला चिडणारा. पण स्नायू आणि कंडरा आखूड होऊन बसल्या असतील तर तो गंजलेला बिजागर. हळू ओढा नाहीतर जोरात, तिथेच थांबणार. अ‍ॅशवर्थच्या ग्रेडवरून हे दोन वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी टार्ड्यू नावाची पद्धत आहे. सांधा आधी अगदी हळू नेऊन कुठवर जातो तो कोन पाहतात, मग वेगाने नेऊन कुठे अडकतो तो कोन पाहतात. दोन कोनांत बराच फरक असला तर इंजेक्शनला वाव आहे. फरक नसला आणि हळू नेतानाही सांधा लवकर थांबत असला, तर बोटॉक्सवर पैसे घालण्याआधी स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार), टप्प्याटप्प्याने ताणून बांधणं, क्वचित शस्त्रक्रिया, हे बोलायला हवं. "हळू आणि वेगाने, दोन्ही कोन मोजून लिहाल का?" असं सरळ विचारा. यात कुणाचा अपमान नाही.

पायाबद्दल मी तुमच्या यजमानांना थांबायला सांगेन. लाकडासारखा पाय वाईट दिसतो, पण बाबा कदाचित त्याच लाकडावर उभे राहत असतील. दुबळ्या पायातला ताठरपणा काढला तर गुडघा दुमडून माणूस खाली बसू शकतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर आज आहे ते चालणंही जाईल. पाऊल आत वळून बाहेरच्या कडेवर पडत असेल, बोटं आखडून चपलेत जखमा होत असतील, तर पोटरीतल्या ठरावीक स्नायूंना इंजेक्शनचा विचार जरूर होतो. मात्र त्याआधी चालताना कुणीतरी नीट पाहिलं पाहिजे. दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते इंजेक्शनआधी आणि नंतर मोजलं पाहिजे. पलंगावर झोपवून काढलेली ग्रेड इथे पुरत नाही.

सासूबाईंना नाही म्हणू नका. त्यांच्या हाताचा स्पर्श बाबांना हवा असेल. हलक्या हाताने मालिश, नंतर सावकाश ताणणं, हे इंजेक्शनच्या जोडीला चालतं आणि चालावं. मात्र दंड धरून ओढायचा नाही, पक्षाघातात खांदा आधीच निसटलेला असू शकतो. आणि तेल मुठीत राहू द्यायचं नाही, पुसून कोरडं करून मऊ सुती कापडाची गुंडाळी मधे ठेवायची. मुठीत ओल राहिली की कातडी सोलते.

अशाच परिस्थितीतल्या इतर घरांसाठीही दोन गोष्टी. ताठरपणा एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर औषधाचा डोस वाढवण्याआधी कारण शोधा: लघवीत जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीला किंवा टाचेला जखम, आत वाढलेलं नख. कितीदा तरी कारण तिथेच सापडतं. आणि ताठरपणावरची बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर ती संपली म्हणून किंवा झोप येते म्हणून एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, उतरत्या क्रमाने. बोटॉक्सनंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला नव्याने त्रास वाटला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

तर पुन्हा इंजेक्शन द्यायचं का? तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. दोन कोनांत फरक निघाला, तर हातासाठी मी एकदा आणखी घ्या म्हणेन, ध्येय लिहून आणि वही ठेवून. दोन डोसांमधले बारा आठवडे उलटून गेलेत, म्हणजे वेळेची अडचण नाही. सहाव्या आठवड्याला कागदावर शून्य किंवा वर आलं तर पुढचं बोलू. उणे आलं तर कोणत्या स्नायूंना, किती मात्रेत, सोनोग्राफीच्या मदतीने दिलं होतं का, हे डॉक्टरांशी बोलून बदलता येतं. दोनदा उणे आलं तर थांबायलाही हरकत नाही. खर्च जड जात असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भौतिक चिकित्सा व पुनर्वसन विभाग आहे का ते विचारा. मुंबईत हाजी अलीला तर याच कामाची केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे.

शेवटी राहिलं एक माणूस. तुमच्या पत्रात डॉक्टर बोलतात, फिजिओ बोलतात, दीर, यजमान, सासूबाई, तुम्ही. बाबा कुठेच बोलत नाहीत. शब्द सापडत नाहीत हे खरं, पण समजतं सगळं असं तुम्हीच लिहिलंय. उद्या दुपारी, घरात गडबड नसताना, त्यांच्यासमोर चार वस्तू मांडा. साबणाची वडी, त्यांचा सदरा, हात टेकवायची उशी, आणि दुखण्यावरच्या मलमाची ट्यूब. एकेक दाखवून सावकाश विचारा, "बाबा, हात सैल झाला तर यातलं काय सोपं व्हायला हवं?" उत्तराला वेळ द्या, मधेच वाक्य पुरं करू नका. डाव्या हाताने ते ज्या वस्तूला हात लावतील, तिचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा.